समेच्या मागून येणारी सुजाता

सुजाता, तुझ्या गाण्याबद्दल दोन शब्द बोला म्हणून मिलिंदचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. तुझा भाऊ इतक्या अदबीने बोलतो की तो तुझा सख्खा भाऊ आहे हे मला अजून पटत नाही. "शैलाताई, रविवारी ताईचं पुण्यानुमोदन ठेवलंय, तिच्या आठवणींची सभा. तिच्या गाण्याविषयी बोलू शकेल असं आता तुमच्याशिवाय कोणी राहिलं नाही." म्हणजे तुझं मनापासून कौतुक करणारे सगळे आधीच गेले आणि मागे उरले मी. "येते" म्हटलं, फोन ठेवला आणि मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली. जन्मभर मी तुझ्यावर जळत आले, आणि तुझी स्तुती करायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. तुला हे कळलं असतं तर पोट धरून हसली असतीस.

कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. शनिवार पेठेत मला लोक ओळखतात. शाळेतून निवृत्त झाले तरी घरी पेटीचे वर्ग चालू आहेत. दिवाळी पहाट म्हणू नका, गणेशोत्सव म्हणू नका, साथीला मला बोलावणं असतं. आमचे हे म्हणतात, आता मिळालेल्या शाली ठेवायला वेगळं कपाट करू या. आणि तू? सरकारी कचेरीतली कारकून. तू जॅझ गातेस हे तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनासुद्धा ठाऊक नव्हतं. या शहरात रस्त्यात कोपर जरा बाहेर काढलं तर एखाद्या गायकाला लागतं, आणि त्यातल्या एकानेही तुझं नाव ऐकलेलं नाही. मग जळायचं कुणी कुणावर? तूच जळायला हवं होतंस. ते तुला कधी जमलंच नाही, आणि त्याचाही मला राग आहे.

आपली ओळख नारायण पेठेत, त्या बोळातल्या स्टुडिओत झाली. गणपतीच्या आत आरत्यांच्या कॅसेटी दुकानात पोचायला हव्यात म्हणून तिथे त्या दिवसांत नुसती झुंबड असायची. मुख्य गायक पुढच्या माइकवर आणि मागे आपण कोरसवाल्या, एका माइकला चौघीजणी. जयंतीच्या आधी तू भीमगीतांच्या कोरसला जायचीस आणि गणपतीच्या आधी आमच्या आरत्यांना यायचीस. पहिल्याच दिवशी मी, माझ्या तेव्हाच्या अकलेप्रमाणे, विचारलं, "तुम्हाला आरत्या येतात?" तू माझ्याकडे नीट बघून घेतलंस आणि म्हणालीस, "देव तुमचा, आवाज माझा, माइक दोघींचा. सरका जरा." त्यानंतर आपण एकमेकींना अहो-जाहो म्हणून कधी हाक मारली नाही.

शिफ्ट लवकर संपली की स्टुडिओचे मालक चहाला जायचे आणि टेपवर थोडी जागा शिल्लक असायची. त्या उरलेल्या टेपवर तुझं सगळं गाणं आहे. सुरुवात केली ती कॅम्पातल्या गिटारवाल्या अंकलनी. तू माइकशी उभी राहून आपल्याच नादात काहीतरी गुणगुणलीस आणि त्यांनी खोक्यात घातलेली गिटार पुन्हा बाहेर काढली. तुझे बाबा खडकीला फौजी मेसमध्ये कामाला होते. तिथून टाकून दिलेल्या जॅझच्या रेकॉर्डी ते घरी आणायचे, आणि इंग्रजीचा गंध नव्हता तेव्हापासून ती गाणी तू कानाने पाठ केली होतीस. हे सगळं तू अंकलना उभ्या उभ्या सांगून टाकलंस. शेजारी उभ्या असलेल्या मला कधी सांगितलं नव्हतंस. मग अंकलची गिटार, तबलजी बंडूभाऊंना नुसता डग्गा घुमवायला सांगितलेला, आणि स्टुडिओत पियानो नव्हता म्हणून पेटीवर मी. पेटीवर जॅझ वाजवणारी पुण्यातली पहिली बाई मीच असेन, आणि शेवटचीही.

आपलं भांडणही तिथलंच. तू ठेक्यावर कधी यायचीच नाहीस. ओळीतला मुख्य शब्द जिथे पडायला हवा त्या समेवर मी हजर, अंकल हजर, डग्गा हजर, आणि तुझा पत्ता नाही. सगळे जागेवर बसले की मग तू सावकाश यायचीस, लग्नाला उशिरा येऊन पहिल्या पंगतीला बसणाऱ्या पाहुणीसारखी. मी पेटी थांबवून म्हणायचे, "सुजाता, तू मागे पडतेस." तू म्हणायचीस, "मी मागे पडत नाही मास्तरीण, तू पुढे पळतेस. कोण लागलंय तुझ्या पाठीमागे?" अंकल हसायचे. माझ्या वाजवण्याला ते मान डोलवायचे, अगदी व्यवस्थित. पण तुझी ओळ उशिरा येऊन पडली की त्यांचे डोळे मिटायचे. हे मी एकदा वाजवता वाजवता बघितलं आणि माझा सूर चुकला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आमच्या यांचंही तेच. लग्नाला एवढी वर्षं झाली, रोज सकाळी घरात माझी पेटी, माझा रियाज, माझे विद्यार्थी. या माणसाने माझ्या एकाही गाण्याची ओळ कधी गुणगुणली नाही. त्या उरलेल्या टेपवरून भरून घेतलेली तुझी कॅसेट मी एकदा स्वयंपाक करताना लावली होती, चूक झाली. तेव्हापासून दाढी करताना आरशासमोर तुझं गाणं चालू असतं, आणि वर ते बेसूर. मी स्वयंपाकघरातून ओरडते, "सूर तरी नीट लावा." ते म्हणतात, "अगं, गाणं चांगलं आहे, सुराचं काय घेऊन बसलीस."

गाणं चांगलं आहे हे मला कुणी सांगायला नको होतं. ती कॅसेट मी दार लावून इतक्यांदा ऐकली आहे की तुझा श्वास कुठे येतो ते मला पाठ आहे. ते संथ इंग्रजी गाणं घे. तुझ्या आवाजाला थोडी खरखर होती, सकाळी उठल्याउठल्या पहिल्या शब्दाला असते तशी. वरच्या सुरावर तू चढायची नाहीस. खालीच उभी राहून त्याच्याकडे नुसतं बघायचीस, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं आपण वर जाऊन आलो. दुसरं एक गाणं बिनशब्दांचं, बाबांच्या रेकॉर्डीतल्या क्लॅरिनेटची नक्कल. त्यात मध्येच तू हसतेस आणि ते हसूही सुरात आहे. आणि तू स्वतः रचलेलं मराठी गाणं, 'चहा निवला तरी चालेल'. एक बाई एका माणसाची वाट बघते आहे. रडणं नाही, तक्रार नाही, चहावर साय धरते आहे एवढंच. त्यातल्या 'सकाळ'मधला ळ तू असा जिभेवर घोळवत ठेवतेस की शब्द संपूच नये असं वाटतं. वर्गात मी मुलींना तो ळ शिकवायचा प्रयत्न केला आहे, तुझं नाव न घेता. एकीलाही आला नाही. मलाही येत नाही.

हे मी तुला कधी म्हटलं नाही. तुझ्यासमोर मी फक्त भांडले. अगदी आत्ता, हॉस्पिटलात तुझ्या उशाशी मोसंबं सोलतानासुद्धा मी विषय काढला. "अजून म्हणतेस का गं, मी पुढे पळते म्हणून?" तू डोळे न उघडता म्हणालीस, "बघ की, सोलतानाही पळतेस." मी म्हटलं, "बरी हो, मग बघते तुझ्याकडे." भांडण तिथेच राहिलं.

तर शनिवारी मी धायरीला मिलिंदकडे गेले. तुझ्या भाचीने, प्रज्ञाने बोलावलं होतं. हिंजवडीला जातायेता कंपनीच्या बसमध्ये बसून, कानाला हेडफोन लावून त्या पोरीने तुझी अख्खी कॅसेट लॅपटॉपवर साफ केली. रविवारी सभेत ती लावायची आणि मग इंटरनेटवर टाकायची, सगळ्या जगाला ऐकता यावी म्हणून, असं तिचं ठरलं होतं. डोळे रडून सुजलेले, पण चेहऱ्यावर काहीतरी करून दाखवल्याचा आनंद होता. मला बघून म्हणाली, "मावशी, एकदम क्लीन झालंय. सॉफ्टवेअरने आत्याचा आवाज वेगळा काढला, टेपचा आवाज काढून टाकला. आणि आत्या सगळीकडे बीटच्या जरा मागे पडत होती ना, तेपण अलाइन केलं."

मागे पडत होती. माझंच वाक्य, माझ्याच समोर, तुझ्या घरातल्या माणसाच्या तोंडून. तिने गाणं लावलं. आणि सुजाता, तू समेवर आलीस. माझ्याबरोबर, अंकलबरोबर, डग्ग्याबरोबर, बरोब्बर. पुढच्या ओळीला पुन्हा. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. भांडण मी जिंकले होते. आणि माझी पेटी, काय सांगू तुला, माझी पेटी इतकी सुंदर मी कधी ऐकलीच नव्हती. तुझ्या प्रत्येक शब्दाखाली कशी अलगद येऊन टेकत होती. मी प्रज्ञाला म्हटलं, "छान केलंस गं."

दुसरं गाणं लागलं, तिसरं लागलं. कुणीतरी एक बाई गात होती. स्वच्छ, वक्तशीर, माझ्या वर्गात पहिला नंबर काढेल अशी. तिच्या 'सकाळ'मध्ये ळ होता, पण तो आला आणि गेला. मी बसून वाट बघत होते की आता मला नेहमीसारखं होईल. तुझं गाणं लागलं की छातीत जे चरचरतं, इतकी वर्षं, न चुकता, ते होईल. झालं नाही. जळावं असं त्यात काही उरलंच नव्हतं. तेव्हा मला रडू फुटलं. तू गेलीस हे मला हॉस्पिटलात कळलं नव्हतं, ते धायरीला मिलिंदच्या सोफ्यावर कळलं.

प्रज्ञाला वाटलं, गाणं भिडलं म्हणून रडते आहे. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "हे बाहेर जाता कामा नये. पहिलं होतं ते लाव. ती मागे पडत नव्हती, ती मुद्दाम तशी गायची." प्रज्ञा गोंधळली. "पण मावशी, लोक खाली काय काय लिहितात तुम्हाला माहीत नाही. बेताल म्हणतील आत्याला." आणि मग मिलिंद बोलला, त्याच्या त्याच अदबीने, पण मान खाली घालून. "शैलाताई, राग मानू नका. आमच्या माणसाला शंभर टक्के बरोबर असावं लागतं, तेव्हा कुठे लोक पास म्हणतात. तुमच्याकडे चुकलं तर लोक त्याला शैली म्हणतात. आमच्याकडे चुकलं तर चुकलंच. ताई गेल्यावर तरी तिला कुणी नाव ठेवू नये एवढंच आम्हाला वाटतं."

मीच तर नाव ठेवत आले होते. 'आरत्या येतात का' पासून 'मागे पडतेस' पर्यंत, सगळं मीच. मी चहा घेतला. चहा घेताना मला सुचलं ते सुचलं, आणि मी पर्समधून फोन काढला. आपल्या आरत्यांची ती जुनी कॅसेट आता कुणीतरी इंटरनेटवर टाकली आहे, दर गणपतीत मी फोनवर ऐकते. पण समोर भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, उद्या वंदना, आणि आज या घरात मी गणपतीची आरती लावणार. मी मिलिंदला सरळ विचारलं, "लावू का? तुझ्या बहिणीचा आवाज ऐकवायचाय, बाकी काही नाही."

मिलिंद म्हणाला, "लावा. फक्त आवाज जरा कमी ठेवा. शेजारचे आधीच म्हणतात, तुमच्याकडे हल्ली रोज गाणी असतात."

मी प्रज्ञाला म्हटलं, कोरस ऐक, सगळ्यात खालचा आवाज तुझ्या आत्याचा. तिने फोन लॅपटॉपला जोडला, काय काय दाबलं, पडद्यावर रेघा उमटल्या. टाळ पडतो आणि त्याच क्षणी तू. पुन्हा टाळ, पुन्हा तू. एकदाही मागे नाही. प्रज्ञा पडद्यावर वाकून बघत राहिली. "मावशी, ही परफेक्ट आहे. उलट ही दुसरीच कुणीतरी पुढेमागे होतेय."

"ती मी," मी म्हटलं. "तुझी आत्या मला कोपराने ढोसून जागेवर आणायची. आता कळलं? जिथे चौघींनी एकत्र यायचं तिथे ती केसभर हलली नाही. तिचं स्वतःचं गाणं असलं की मग ती तिला हवं तेव्हा यायची. ते तिला येत होतं. आम्हाला कुणालाच येत नव्हतं."

मिलिंदने विचारलं, "म्हणजे ताई बरोबर होती?"

"हो," मी म्हटलं. एवढा छोटा शब्द, पण तो बाहेर काढायला मला तुझ्या घरी, तू नसताना, यावं लागलं. "बरोबर होती. मी पुढे पळत होते."

प्रज्ञाने मूळ गाणं लावलं. पहिली ओळ, सम, आणि तू नाही. मग तू आलीस. माझ्या छातीत चरचरलं. जिवात जीव आला म्हण. पण त्याचबरोबर माझी पेटीही परत आली, पूर्वीसारखीच, धापा टाकत, कुठे गाडी चुकणार असल्यासारखी. प्रज्ञालाही ते ऐकू आलं. पोर सभ्य आहे. म्हणाली, "मावशी, हवं तर मी आत्याला हात लावत नाही, पेटी थोडी मागे घेते. तुमचंपण छान वाटेल. कुणाला कळणार नाही."

मोह झाला. अगं, का होणार नाही? जग ऐकणार म्हणे. माझे विद्यार्थी ऐकतील, शाली देणारे ऐकतील, आणि तुझ्याशेजारी मी अशी ऐकू येणार. इतकी वर्षं लोकांसमोर तुझ्याहून मोठी म्हणून वावरले, आणि आता तुझ्याशेजारी उभं करून माझी लांबी-रुंदी मोजली जाणार. मग म्हटलं, "नको. ठेव तशीच. मी समेवर असल्याशिवाय ती मागून आली हे कळणार कसं?" प्रज्ञा हसली. मला काही हसू आलं नाही.

रविवारी सगळे पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली, तुझ्या कचेरीतल्या बाई बोलल्या, तू फायली किती नीट ठेवायचीस ते. मी उभी राहिले आणि घरून ठरवून नेलेलं सगळं विसरले. एवढंच म्हटलं की या बाईवर मी आयुष्यभर जळले, का ते तुम्हीच ऐका. प्रज्ञाने गाणी लावली. पंखे बंद केले होते. मागच्या रांगेतल्या कचेरीतल्या बाई तोंडाला पदर लावून बसल्या. मिलिंद ताठ बसला होता, प्रत्येक ओळीला आधी घाबरायचा आणि तू आलीस की मान हलवायचा. शेवटी 'चहा निवला तरी चालेल' लागलं. त्याच्या अखेरच्या कडव्याआधी पेटी एकदम बंद होते. डग्गाही थांबतो. काहीच नाही. आणि मग कितीतरी उशिरा, एकटी, तू येतेस.

चपला घालताना एक बाई माझ्याकडे आल्या. पियानो शिकवतात म्हणाल्या, तुझ्या कचेरीतल्या कुणाच्या तरी नात्यातल्या. तुझं नाव त्यांनी आजच ऐकलं होतं आणि त्यांचे डोळे भरलेले होते. मला वाटलं, तुझ्याबद्दल बोलतील. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "पेटी तुम्हीच ना? शेवटच्या कडव्याआधी तुम्ही काय थांबलात हो. तिला यायला केवढी जागा ठेवलीत. अशी साथ मी कुणाची ऐकली नाही."

सुजाता, ते गाणं रेकॉर्ड झालं त्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे. तू इतका उशीर केलास की मला वाटलं, शब्द विसरली ही. मी पेटीवरून हात काढला तो तुला रागवायला. तोंड उघडलं होतं मी, आणि तू सुरू झालीस. मी थांबले नव्हते गं, माझा ठेका सुटला होता. अंकल आणि बंडूभाऊ दोघांनी ते बघितलं होतं आणि दोघेही आता नाहीत. जन्मभर इतकं वाजवलं, आणि कुणी हात धरून, डोळ्यांत पाणी आणून माझं कौतुक केलं ते मी वाजवत नव्हते तेवढ्याच जागेचं. तीही जागा तुझीच.

मी त्या बाईंना "थँक्यू" म्हटलं. तू असतीस तर तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत माझं पितळ उघडं पाडलं असतंस. चपला घातल्यावर मी थोडा वेळ उभीही राहिले. कुणीच काही बोललं नाही, आणि ते कौतुक माझ्याकडेच राहिलं.